भांडवल कोणाचे, जोखीम कोणाची?



नोकरीच्या मागे लागू नका, स्वतःचा उद्योग उभारा, असा उपदेश आजच्या तरुणाला चोहोबाजूंनी होत असतो. सरकार करते, बँका करतात, महाविद्यालयांच्या समारंभांतले पाहुणे करतात. आणि नोकरी मिळणार नाही हे कळून चुकलेले आईवडीलही नाइलाजाने करतात. त्याच्या जोडीला दुसरा उपदेश असतो तो गुंतवणुकीचा. पैसा घरात पडू देऊ नका, तो कामाला लावा. या दोन्ही उपदेशांत वावगे असे काही नाही. समाजाची संपत्ती वाढायची तर कोणी तरी बचत केली पाहिजे, त्या बचतीचे भांडवल झाले पाहिजे आणि त्या भांडवलातून उत्पादन व रोजगार निर्माण झाला पाहिजे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच शिकवले जाते. परंतु हा उपदेश करणारे बहुधा एक प्रश्न टाळतात. धंदा चालला तर नफा किती होईल हे ते सांगतात. धंदा बुडाला तर कोण बुडेल आणि किती खोल बुडेल, हे सांगत नाहीत.

वस्तुतः गुंतवणुकीच्या साऱ्या शास्त्राचे सार या दुसऱ्या प्रश्नातच आहे. जोखीम कधी नाहीशी होत नसते. ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ज्याच्या हाती कायदा, माहिती आणि पत असते तो ती खाली सरकवतो, आणि ज्याच्या हाती यांपैकी काहीच नसते त्याच्यापाशी येऊन ती थांबते. हा केवळ सिद्धांत नाही. नागपूर शहराचा गेल्या दीडशे वर्षांचा औद्योगिक इतिहास पाहिला तर तो तेथे ठसठशीतपणे दिसतो.

तीन गुंतवणूकदार

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. विदर्भाचा आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत नेणारा हा लोहमार्ग खासगी कंपनीने बांधला, असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते खरे आहे; पण पुरते नाही. या कंपनीच्या इंग्लंडमधील भागधारकांना ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८४९ च्या करारान्वये शेकडा ५ व्याजाची हमी दिली होती. रेल्वेला नफा झाला तर तो भागधारकांचा. उत्पन्न कमी पडले तर तूट भरून काढायची ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथल्या रयतेच्या सारा-पट्टीतून. उद्योग खासगी आणि जोखीम सार्वजनिक, असा हा व्यवहार होता. नागपूरच्या स्थानकावर उतरलेला हा पहिला गुंतवणूकदार हमीचा गुंतवणूकदार होता.

त्यानंतर दहा वर्षांनी दुसरा आला. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी म्हटली की मुंबई, असे समीकरण असताना टाटांनी नागपूर निवडले ते विचारपूर्वक. कापूस येथे पिकत होता, रेल्वे येथवर आली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, आणि तयार कापडाला व सुताला आसपासच्या मुलखात गिऱ्हाईक होते. जुम्मा तलावालगतच्या दलदलीच्या जमिनीवर भराव घालून पाया घ्यावा लागला. त्या वेळी एका स्थानिक सावकाराकडे भांडवल मागितले असता, हा गृहस्थ मातीत सोने घालतो आहे, असे म्हणून त्याने नकार दिला. आणि पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर, याने सोने नव्हे तर माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

ही आख्यायिका उद्योजकतेच्या व्याख्यानांतून आवर्जून सांगितली जाते, आणि तिच्यातून निघणारा बोध धाडसाचा असतो. परंतु त्या धाडसाच्या पाठीशी काय होते हेही पाहिले पाहिजे. एक तर, टाटा घराण्याने तेजी आणि मंदी दोन्ही पाहिल्या होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, मुंबईत कागदी कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ साली तो सारा डोलारा कोसळला, तेव्हा या घराण्यालाही त्याची झळ लागली होती. त्यातून ते सावरले ते १८६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीला रसद पुरविण्याच्या लष्करी कंत्राटामुळे. दुसरे म्हणजे, जमशेटजी अगोदर मुंबईत एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी करून आणि ती नफ्याने विकून चुकले होते, आणि त्यानंतर लँकेशायरला जाऊन धंदा शिकून आले होते. म्हणजे नागपूरचा प्रयोग पहिला नव्हता. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १८५७ आणि १८६६ च्या कायद्यांनी कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी मर्यादित केली होती. गिरणी बुडाली असती तर भागधारकाचा भाग बुडाला असता. त्याचे घर, त्याचे दागिने, त्याच्या दुसऱ्या पेढीतले पैसे यांना कोणी हात लावू शकला नसता. हा दुसरा गुंतवणूकदार मर्यादेचा गुंतवणूकदार होता.

या मर्यादेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मर्यादित जबाबदारी ही आधुनिक समाजाने उद्योगाला दिलेली मोठी सवलत आहे, आणि तिच्यावाचून मोठे कारखाने उभे राहिले नसते. पहिली यंत्रे स्वस्तातली आणली, ती निकृष्ट ठरली, ती काढून टाकून चांगली यंत्रे आणली, पुढे रिंग पद्धतीच्या चात्या बसविल्या. असे चुकत-माकत शिकणे एम्प्रेस मिलला परवडले, याचे कारण एका चुकीने मालक रस्त्यावर येणार नव्हता. चूक करण्याची आणि ती सुधारण्याची उसंत ज्याला मिळते तोच उद्योजक होतो. मुद्दा इतकाच की ही उसंत सर्वांना मिळाली नाही.

कारण त्याच शहरात आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांत तिसरा गुंतवणूकदार होता, आणि त्याला कोणी गुंतवणूकदार म्हणत नव्हते. नागपूरचा कोष्टी विणकर हातमागाचा मालक होता. माग त्याचा, घर हाच कारखाना, घरातली माणसे हेच कामगार. पण सूत सावकाराकडून उचल म्हणून यायचे आणि तयार लुगडे त्याच सावकाराकडे, त्याने ठरवलेल्या भावाने, जायचे. बाजार पडला की तोटा विणकराचा. गिरणीच्या सुताने हातकताईचा धंदा तर मोडूनच काढला, आणि जाडेभरडे कापड विणून पोट भरणाऱ्या महार विणकरांपैकी कित्येकांना गिरणीच्या दारात मजूर म्हणून उभे राहावे लागले. दुसरा होता कापूस पिकवणारा कुणबी शेतकरी. तो दर मृगाला बियाणे, खत, मजुरी यांत पैसा ओततो. पाऊस, कीड आणि भाव यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता तो दरवर्षी एक नवा उद्योग सुरू करतो. पण त्याच्या जबाबदारीला कोणतीही मर्यादा नाही. पीक बुडाले तर जमीन, बैल, बायकोच्या अंगावरचे डोरले, सगळे सावकाराच्या नजरेत असते.

कायद्याचा पक्षपात किती उघड होता याचा एक पुरावा पुरेसा आहे. शेतकऱ्याला सावकारापासून सोडविण्यासाठी १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या कायद्याने ग्रामीण संस्थांच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी घातली. गावातील एकाने कर्ज बुडविले तर साऱ्या सभासदांनी आपल्या मिळकतीनिशी ते भरावे, असा नियम. गिरणीच्या भागधारकाला मर्यादा, रेल्वेच्या भागधारकाला हमी, आणि शेतकऱ्याला अमर्याद जबाबदारी! पुढे धोरण बदलले, ग्रामीण संस्थांनाही मर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू झाले. पण ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्यानेच सर्वांत जास्त पणाला लावावे, ही रीत मात्र गेली नाही.

कागदावरची मर्यादा

आजच्या नागपुरातल्या तरुणाने कारखाना काढायचा म्हटले तर हिंगण्याची किंवा बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. कंपनी काढणेही आता सोपे झाले आहे. २००८ साली मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा झाला, २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसाची कंपनीही मान्य केली. तेव्हा जमशेटजींच्या भागधारकाला मिळालेली मर्यादा आता सर्वांना मिळाली, असे वाटेल. कागदावर ती मिळाली आहे. पण हा तरुण बँकेत कर्जाला जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यापुढे आणखी एक कागद येतो, तो वैयक्तिक हमीचा. त्यावर त्याची, त्याच्या भागीदाराची, कधी वडिलांची आणि कधी पत्नीची सही घेतली जाते. त्या सहीबरोबर कायद्याने दिलेली मर्यादा पुसली जाते. कंपनीच्या दिवाळखोरीचा आराखडा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप मोकळा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. तो निर्णय बड्या उद्योगपतींच्या संदर्भात झाला आणि तेथे तो योग्यच होता; पण हमीचे तत्त्व लहान कारखानदाराच्या राहत्या घरापर्यंतही पोहोचते, हे सही करणाऱ्याने ओळखले पाहिजे.

विनातारण कर्जाची सोय नाही असे नव्हे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत सुरुवातीला दहा लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद होती आणि २०२४ मध्ये, आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठी, ती वीस लाखांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु या योजनेतील बहुसंख्य खाती पन्नास हजारांपर्यंतच्या शिशू गटातली राहिली आहेत. पन्नास हजारांत हातगाडी येते, शिवणयंत्र येते, पोट भरते. त्याला उपजीविका म्हणावे. दुसऱ्याला रोजगार देणारा उद्योग त्यातून क्वचितच उभा राहतो. उपजीविकेला उद्योजकता असे भारदस्त नाव दिल्याने आकडे वाढतात, उत्पादन वाढत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात हाच मुद्दा शेतीच्या संदर्भात मांडला होता. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हा खरा प्रश्न नाही. तिच्या जोडीला अवजारे व भांडवल किती आहे यावर ती किफायतशीर ठरते. मनुष्यबळ भरमसाट आणि भांडवल तुटपुंजे, हा रोग शेतीतून उचलून हातगाडीवर ठेवल्याने बरा होत नाही.

दिवसेंदिवस वाढत चाललेला आणखी एक प्रकार आहे. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, अपघात झाला तर दवाखान्याचे बिल स्वतःचे, आणि दर मात्र दूरच्या कंपनीने ठरवलेला. अशा तरुणाला तू स्वतःचा मालक आहेस असे सांगितले जाते. माग स्वतःचा आणि सूत सावकाराचे असलेल्या जुन्या विणकराहून याची स्थिती तत्त्वतः वेगळी नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची निदान व्याख्या तरी झाली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

नफ्यात असलेला कारखाना का बुडतो

लहान कारखाना बुडतो तो बहुधा माल वाईट म्हणून नव्हे, मेहनत कमी म्हणूनही नव्हे. तो खेळत्या भांडवलाअभावी बुडतो. ही गोष्ट एका साध्या हिशेबाने पटेल.

समजा, एका तरुणाने पंधरा लाखांची यंत्रे घेतली आणि एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविण्याचे काम मिळविले. महिन्याला चार लाखांचा माल जातो. कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे मिळून ३ लाख ४० हजार खर्च होतो. महिन्याला साठ हजार सुटतात. कोणीही म्हणेल, धंदा उत्तम आहे. पण मोठा कारखाना पैसे देतो ते माल पोहोचल्यावर चार महिन्यांनी. पहिल्या महिनाअखेरीस दिलेल्या मालाचे पैसे पाचव्या महिन्याच्या अखेरीस हाती येतात. तोवर या तरुणाने पाच महिन्यांचा खर्च, म्हणजे १७ लाख रुपये, पदरचे घातलेले असतात. यंत्रांपेक्षाही हा आकडा मोठा आहे, आणि प्रकल्पाच्या अहवालात तो बहुधा नीट धरलेलाच नसतो. बँकेने दरमहा शेकडा एक या दराने हे पैसे दिले तर साठ हजारांतून सतरा हजार व्याजात जातात. बँकेने नाही दिले आणि खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा तीनने उचलले, तर व्याजच ५१ हजार होते. यंत्रांच्या कर्जाचा हप्ता अजून बाजूलाच आहे. म्हणजे वहीत नफा दिसत असतानाच कारखान्याला टाळे लागते.

या हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. लहान कारखानदाराचे १७ लाख चार महिने मोठ्या कारखान्यापाशी बिनव्याजी राहतात. म्हणजे ज्याच्यापाशी भांडवल नाही तो ज्याच्यापाशी आहे त्याला कर्ज देतो! हे थांबविण्यासाठी कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. वरच्या उदाहरणात ४५ दिवसांत पैसे मिळाले तर १७ लाखांऐवजी साडेआठ लाखांतच काम भागते, बरोबर निम्म्यात. पण तक्रार करायची कोणी? ज्याच्या एका ऑर्डरवर कारखाना चालतो त्याच्यावर दावा लावणारा दुसऱ्या दिवशी ऑर्डर गमावतो. म्हणूनच २०२३ च्या वित्त अधिनियमाने केलेली तरतूद अधिक परिणामकारक मानली पाहिजे. मुदतीत पैसे चुकते न केल्यास खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात त्या वर्षी वजा धरता येणार नाही, असे तिने ठरविले. येथे लहान माणसाला तक्रारदार व्हावे लागत नाही. मोठ्याच्याच वहीत त्याचा बोजा दिसतो. असल्या तरतुदींना मोठ्यांकडून विरोध होतो, यावरूनच त्यांची उपयुक्तता कळावी.

बचत करणाऱ्याची बाजू

आता उद्योग न काढणाऱ्या, पण चार पैसे गाठीला असलेल्या माणसाचा विचार करू जाता तेथेही तोच प्रश्न पुढे येतो.

सरकारी रोख्यांइतकी सुरक्षित गुंतवणूक दुसरी नाही, असे मानले जाते. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे शंभर कोटींहून अधिक रुपये याच सुरक्षित गुंतवणुकीत अडकले. बँकेने खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले; रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. हे पैसे जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे आणि ठेवीदारांचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. तिच्याविरुद्ध दाद वरच्या न्यायालयात मागण्यात आली. न्यायालयीन अंग बाजूला ठेवले तरी आर्थिक बोध स्वच्छ आहे. कशात पैसा घातला हे पाहून भागत नाही. घेतलेली वस्तू प्रत्यक्ष कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ताब्यात आहे हे पाहावे लागते.

सामान्य ठेवीदाराला असलेले संरक्षणही त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. १ जानेवारी १९६२ पासून या देशात बँक-ठेवींचा विमा आहे. आरंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती, व्याज धरून, दर ठेवीदारामागे दर बँकेत पाच लाख रुपये आहे. हा विमा सहकारी बँकांना लागू आहे, पण गल्लोगल्ली असणाऱ्या सहकारी पतसंस्थांना लागू नाही. पाटीवरचा सहकारी हा शब्द सारखाच असतो, संरक्षण सारखे नसते. पतसंस्था एखादा टक्का व्याज अधिक देते तेव्हा तो टक्का या न मिळणाऱ्या विम्याची किंमत असतो, हे समजून मगच ठेव ठेवावी.

आणि ज्यांना झटपट श्रीमंतीची ओढ आहे त्यांच्यासाठी शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वायदेबाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरातील ९३ जणांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. याला गुंतवणूक म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. गुंतवणुकीतून कोठे तरी एखादे यंत्र फिरते, एखादे झाड वाढते, एखाद्याला मजुरी मिळते. येथे एकाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि जाता जाता दलालाचा वाटा सुटतो. अवाच्या सवा परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्यांची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा आणि केंद्राचा २०१९ चा असे दोन कायदे आहेत; पण कायदा मिळकतीवर जप्ती आणतो तेव्हा जप्त करण्याजोगे फारसे उरलेले नसते.

मग करावे काय?

यावर कोणी म्हणेल की एवढे धोके असतील तर तरुणाने काही करूच नये काय? तसा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. धंदा अवश्य करावा. पण जोखमीला कुंपण घालून करावा. संसाराचा वर्षभराचा खर्च आणि राहते घर धंद्याच्या बाहेर ठेवावे. हाती असलेले सारे भांडवल यंत्रांत घालू नये. निम्मे खेळते ठेवावे, आणि त्यासाठी जुनी यंत्रे घ्यावी लागली तरी घ्यावीत. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. न वाचलेल्या कागदावर हमीदार म्हणून सही करू नये, मग मागणारा सख्खा भाऊ का असेना. आणि धंदा काढण्यापूर्वी तो धंदा दुसऱ्याच्या कारखान्यात राहून शिकावा; जमशेटजींसारख्या धनवंतालाही शिकण्यासाठी लँकेशायर गाठावे लागले होते.

परंतु व्यक्तीच्या सावधपणाला सीमा आहेत. ज्याच्यापाशी वर्षाचा खर्च बाजूला ठेवण्याइतकेही नाही त्याने काय करावे? येथे सामुदायिक उपाय सुरू होतात. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचे छोटे छोटे भाग गोळा करून साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा ग्रामीण माणसाला प्रथमच गिरणीच्या भागधारकासारखी मर्यादित जोखीम आणि मालकी एकत्र मिळाली. नागपुरातही संत्रा बागाईतदारांच्या संघाच्या नावातून नोगा हे नाव पुढे आले, आणि राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाच्या हाती ते आजही टिकून आहे. सहकाराचे पुढे काय झाले, तो ठिकठिकाणी घराण्यांच्या आणि दलालांच्या हाती कसा गेला, हे जिल्हा बँकेच्या उदाहरणाने वर सांगितलेच आहे. त्याचा अर्थ तत्त्व खोटे असा नाही. ज्या संस्थेचे सभासद वार्षिक सभेला चहापुरते जातात आणि ताळेबंद न वाचता हात वर करतात, त्या संस्थेत जोखीम सभासदांची आणि सत्ता दुसऱ्याची, असे होणारच.

दुसरा उपाय सामाजिक सुरक्षेचा. ती उद्योगाच्या मुळावर येते, असे मानणाऱ्यांनी एम्प्रेस मिलचाच इतिहास वाचावा. आरंभी तेथे कामगार टिकत नसत, हजेरी अनियमित असे. गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची नुकसानभरपाई सुरू केली. नुकसानभरपाईचा कायदा देशात व्हायला १९२३ साल उजाडले आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला. ज्या गिरणीने कामगाराची जोखीम काही अंशी स्वतःच्या शिरावर घेतली ती बुडाली नाही, उलट वाढली. आजारपणाचा खर्च, म्हातारपणाची सोय आणि मुलांचे शिक्षण यांची काळजी समाजाने वाटून घेतली, तर हजारो तरुण धंद्याचे धाडस करतील. पाठीशी आधार असला की माणूस धाडसी होतो, आणि नसला की भित्रा किंवा जुगारी होतो. आणि दोघेही समाजाला गरीब करतात.

एम्प्रेस मिलचा शेवट येथे सांगितला पाहिजे, कारण तिच्या आरंभाइतकाच तो बोधप्रद आहे. १०९ वर्षे टाटांच्या व्यवस्थापनाखाली राहिलेली ही गिरणी १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल उभे आहे. संस्थापक कंपनीची जबाबदारी कायद्याने मर्यादित होती, जमिनीची किंमत वाढली होती, आणि मधल्या काळातला तोटा सरकारी तिजोरीने सोसला. चात्यांवर आणि मागांवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या कामगारांपाशी मात्र दुसऱ्या धंद्यात नेता येईल असे भांडवल नव्हते. त्यांनी गिरणीत गुंतविले होते ते आयुष्य, आणि त्या गुंतवणुकीला मर्यादित जबाबदारीचा कायदा लागू नव्हता. १८६७ साली हमीच्या भागधारकाची तूट रयतेने भरली होती; २००२ मध्ये रयत आणि कामगार दोघांनी मिळून भरली.

म्हणून स्वतःचा उद्योग काढायला निघालेल्या, किंवा घामाचा पैसा कोठे तरी घालायला निघालेल्या प्रत्येकाने नफ्याचा आकडा विचारण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच. हे बुडाले तर कोण भरणार? त्याचे उत्तर ज्या कागदात लिहिलेले असेल तो कागद नीट वाचावा. आणि ज्या व्यवहारात ते उत्तर कोठेच लिहिलेले नसेल तेथे, भरणारे आपणच, असे समजून चालावे.